मॉर्मन समाजातली अविवाहित स्त्री: लग्नाशिवाय स्वर्ग अपुरा का मानला जातो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये डॅलिन एच. ओक्स मॉर्मन चर्चचे अध्यक्ष झाले आणि या चर्चविषयीचे कुतूहल पुन्हा जागे झाले. त्याआधीच अमेरिकी रिअॅलिटी कार्यक्रमांमुळे युटा राज्यातल्या मॉर्मन बायका, त्यांची मोठी कुटुंबे आणि लवकर होणारी लग्ने आपल्याकडच्या प्रेक्षकांच्याही परिचयाची झाली होती. या साऱ्या चर्चेत विवाहित स्त्री सतत दिसते. जिचे लग्न झालेले नाही, तरीही जिची श्रद्धा अढळ आहे आणि जी दर रविवारी एकटीच येऊन चर्चच्या बाकावर बसते, ती मात्र क्वचितच कुणाच्या नजरेस पडते. तिची अडचण घरचे लोक लग्नासाठी मागे लागतात एवढ्यावर संपत नाही. तिच्या धर्मात विवाह हा मुक्तीच्या रचनेतलाच एक भाग आहे, आणि तो एकटीने पुरा करता येत नाही. म्हणूनच तिची परिस्थिती समजून घ्यायची तर सुरुवात त्या धर्माच्या मांडणीपासून करावी लागते.

मॉर्मन म्हणजे कोण?

जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. त्याचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. ‘मॉर्मन’ हे नाव बायबलच्या जोडीने ते मानत असलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या ग्रंथावरून पडले. हे टोपणनाव वापरू नये असे आवाहन चर्चने २०१८ मध्ये केले. येथे केवळ वाचकांच्या ओळखीचे म्हणून ते वापरले आहे. छळाला कंटाळलेले अनुयायी ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले आणि तिथेच आजचे मुख्यालय उभे राहिले. जगभरातल्या सदस्यांची संख्या आज १ कोटी ७० लाखांच्या पुढे आहे.

स्थानिक मंडळीला ‘वॉर्ड’ म्हणतात. आपण कोणत्या वॉर्डात जायचे हे राहत्या पत्त्यावरून ठरते. वॉर्डाच्या प्रमुखाला ‘बिशप’ म्हणतात. तो पगारी धर्मगुरू नसतो, आपला नोकरीधंदा सांभाळून हे काम करणारा एक सदस्य असतो. तो पुरुषच असतो आणि विवाहितच असतो. पौरोहित्याचा अधिकार या चर्चमध्ये फक्त पुरुषांना मिळतो आणि मुलग्यांना तो साधारण बाराव्या वर्षापासूनच मिळू लागतो. स्त्रियांची संघटना ‘रिलीफ सोसायटी’ १८४२ मध्ये स्थापन झाली. तिच्या नेत्या स्त्रियाच असतात, मात्र संपूर्ण चर्चच्या कारभारावरचा अंतिम अधिकार पुरुषांकडे राहतो.

विवाह इतका मोठा का?

बहुतेक ख्रिस्ती पंथांत लग्नाचे बंधन ‘मृत्यूने ताटातूट होईपर्यंत’ असते. मॉर्मन श्रद्धेनुसार त्यांच्या पवित्र मंदिरात, म्हणजे ‘टेंपल’मध्ये, योग्य विधीने लागलेले लग्न मृत्यूनंतरही टिकते. या विधीला ‘सीलिंग’ म्हणतात. सीलिंगमुळे पती-पत्नी आणि त्यांची मुले अनंतकाळासाठी एकमेकांशी जोडली जातात, अशी ही श्रद्धा आहे.

त्यांच्या मते जवळपास प्रत्येक माणसाला मृत्यूनंतर कोणत्या ना कोणत्या स्वर्गात स्थान मिळते. स्वर्गाचे तीन स्तर आहेत आणि त्यांतल्या सर्वोच्च स्तरातही पुन्हा तीन श्रेणी आहेत. जोसेफ स्मिथ यांच्या १८४३ मधल्या शिकवणीप्रमाणे सर्वांत वरच्या श्रेणीसाठी हा शाश्वत विवाह आवश्यक आहे. तिथे पोहोचणारे जोडपे ईश्वरासारखे जीवन जगते आणि त्यांचा वंश अनंतकाळ वाढत राहतो. या अवस्थेला आपण परमपद म्हणू. त्याच वर्षी नोंदल्या गेलेल्या दुसऱ्या एका प्रकटीकरणात असे म्हटले आहे की ज्यांनी हा विवाह स्वीकारला नाही ते परमपदाविना, एकेकटे, देवदूत-सेवक म्हणून राहतील.

हे समजायला गृहनिर्माण संस्थेची कल्पना करून पाहावी. या इमारतीत प्रत्येकाला घर मिळते, कुणी रस्त्यावर राहत नाही. परंतु सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचा करारनामा पती आणि पत्नी अशा दोघांच्या संयुक्त नावानेच होतो. एखादीने एकटीने वर्षानुवर्षे सगळे हप्ते वेळेवर भरले, तरी दुसरे नाव आल्याशिवाय तिच्या करारनाम्यावर सही होत नाही. ‘तू निश्चिंत राहा, दुसरे नाव पुढे यथावकाश घातले जाईल’ असे संस्था तिला आपुलकीने सांगते, पण ते कोणाचे असेल आणि कधी येईल हे सांगू शकत नाही.

यातली सर्वांत अवघड गोष्ट अशी की ही अट पूर्ण करणे तिच्या हातात नाही. प्रार्थना, दान, उपवास, मद्य-तंबाखू-चहा-कॉफीचा त्याग, धर्मप्रचार ही सगळी कर्तव्ये ती स्वतःच्या निश्चयावर पार पाडू शकते. विवाहासाठी मात्र दुसऱ्या माणसाने होकार द्यावा लागतो. ज्या धर्मात निष्ठेचे फळ निश्चित मिळते असे लहानपणापासून शिकवले जाते, तिथे हे एकच फळ निष्ठेने मिळत नाही. मग अनेकींच्या मनात तोच प्रश्न घर करतो: माझ्यातच काही कमी आहे का?

लग्नाचा आग्रह आपल्याकडेही आहे. मग वेगळे काय?

हा आक्षेप रास्त आहे. तिशी ओलांडलेल्या अविवाहित मुलीला नातेवाइकांच्या कार्यक्रमात कोणते प्रश्न झेलावे लागतात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. परंतु आपल्या परंपरेत लग्न हे लौकिक कर्तव्य राहिले आणि मोक्षाचा मार्ग त्याला समांतर चालत राहिला. मुक्ताबाई आणि जनाबाई यांनी संसार मांडला नाही. त्यामुळे त्यांची आध्यात्मिक योग्यता तसूभरही कमी होते असे कोणी वारकरी मानत नाही. कॅथलिक पंथात धर्मभगिनींचा मार्ग आहे: लग्न न करता देवाला वाहून घेतलेल्या स्त्रीला तिथे नाव, पोशाख, घर आणि मान असतो.

मॉर्मन धर्मात असा मार्गच नाही. तिथे संन्यास नाही, मठ नाहीत, ब्रह्मचर्याचे व्रत नाही. अविवाहित राहणे ही तात्पुरती अवस्था मानली जाते, आणि तात्पुरत्या अवस्थेला स्वतःची प्रतिष्ठा नसते. चाळिशीतल्या किंवा साठीतल्या स्त्रीचे लग्न ‘अजून’ झालेले नाही असेच बोलले जाते. माझ्या मते त्या एका ‘अजून’मध्ये तिच्या आयुष्यातली कितीतरी भरीव वर्षे पुसली जातात.

१९९५ मध्ये चर्चचे तत्कालीन अध्यक्ष गॉर्डन बी. हिंकली यांनी कुटुंबाविषयीचा एक जाहीरनामा वाचून दाखवला. अनेक मॉर्मन घरांच्या भिंतींवर तो चौकटीत लावलेला असतो. पित्याने कुटुंबाचे नेतृत्व करावे, त्याला संरक्षण द्यावे आणि उदरनिर्वाहाची सोय पाहावी, तर मुलांचे संगोपन ही मातेची मुख्य जबाबदारी आहे, असे त्यात म्हटले आहे. ज्या स्त्रीला पती नाही आणि मूल नाही, तिला या मजकुरात स्वतःसाठी फारच थोडे सापडते. स्वतःचा उदरनिर्वाह तर तिला करावाच लागतो. चर्च मुलींना शिक्षणाचा आग्रहही धरते. तरीसुद्धा तिच्या कर्तृत्वाकडे अनेकदा, लग्न झाले नाही म्हणून निवडलेला दुसरा पर्याय याच नजरेने पाहिले जाते.

रविवार आणि सोमवार

तत्त्वज्ञान रोजच्या जगण्यात कसे उतरते हे वॉर्डात दिसते. रविवारच्या सभेला कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि एकेक बाक व्यापून बसतात. भाषणे करणारे सदस्यच असतात. त्यामुळे उदाहरणे आपोआप पती, पत्नी आणि मुलांचीच येतात. ‘मदर्स डे’च्या रविवारी अनेक वॉर्डांत सर्व प्रौढ स्त्रियांना फूल किंवा छोटी भेट देतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण जिला मूल हवे होते आणि झाले नाही, तिला ते फूल हातात घेऊन हसावे लागते. म्हणून काही स्त्रिया त्या दिवशी सभेला येण्याचेच टाळतात.

सोमवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे. त्या दिवशी घरात सर्वांनी एकत्र बसून धर्मवाचन करावे, खेळावे, खावे, अशी अपेक्षा असते. अविवाहित तरुण-तरुणींसाठी मोठ्या शहरांत आणि विद्यापीठांच्या गावी स्वतंत्र वॉर्ड असतात, आणि तिथे सोमवारसाठी मुलामुलींचे गट पाडून कुटुंबाची उणीव भरून काढली जाते. या वॉर्डांत मैत्री होते, जबाबदाऱ्या मिळतात, आणि लग्ने जुळावीत हाही उघड हेतू असतो. तिथल्या वयाच्या मर्यादेची बोच मात्र मोठी आहे. अनेक वर्षे ही मर्यादा तिसाव्या वर्षापर्यंत होती. एकतिसावे वर्ष लागले की आपली मंडळी, आपले काम आणि आपला बिशप सोडून कुटुंबांच्या वॉर्डात जावे लागे, जिथे तिच्या वयाच्या स्त्रिया तीन-चार मुलांच्या आया झालेल्या असत. वाढदिवस आला म्हणून समाज बदलावा लागणे हा अनुभव अविवाहित मॉर्मन स्त्रिया फार कळकळीने सांगतात.

शुचितेचा नियम सर्वांना सारखाच आहे: विवाहाबाहेर शरीरसंबंध नाही. बाविसाव्या वर्षी लग्न होईल या अपेक्षेने पाळलेला नियम पन्नाशीपर्यंत पाळत राहणे ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलायला जागा फार कमी असते. टेंपलमध्ये प्रवेशाचा परवाना ठरावीक काळाने मुलाखत देऊन नवा करून घ्यावा लागतो. त्या मुलाखतीत हा नियम पाळता का, असा प्रश्न विचारला जातो आणि विचारणारा बहुधा विवाहित पुरुष असतो. लग्नाविना मूल हवे असेल तर कृत्रिम गर्भधारणेच्या मार्गालाही चर्चचे धोरण अनुकूल राहिलेले नाही. त्यामुळे पतीबरोबर मातृत्वाचाही प्रश्न अडून राहतो.

योग्य मुलगा मिळत नाही, की ती शोधत नाही?

श्रद्धावान आणि नियमित येणाऱ्या अविवाहित मंडळींत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक असल्याचे निरीक्षण वारंवार नोंदले गेले आहे. तरुण पुरुष अधिक प्रमाणात चर्चपासून दुरावतात, आणि वय वाढते तशी ही तफावत रुंदावत जाते. त्यातून काही स्त्रियांना जोडीदार मिळणार नाही, हे गणितानेच ठरलेले असते. इतके सरळ कारण समोर असतानाही दोष बहुतेक वेळा तिच्या स्वभावावर, वजनावर, शिक्षणावर किंवा ‘फार चोखंदळ’ असण्यावर ठेवला जातो. हा अन्याय आहे.

पुरुषांवरही दडपण असते. लग्न लांबवणाऱ्या तरुणांना चर्चच्या व्यासपीठावरून अनेकदा खडे बोल ऐकावे लागले आहेत. पण पुढाकार त्यांनी घ्यायचा असतो आणि तिने वाट पाहायची असते, अशी रीत अजूनही बरीच टिकून आहे.

मग धर्माबाहेर लग्न का करू नये? काही जणी करतात. परंतु बाहेरच्या व्यक्तीबरोबर टेंपलमध्ये सीलिंग होऊ शकत नाही. म्हणजे लग्न करूनही मूळ प्रश्न तसाच राहतो, आणि मुलेही सीलिंगच्या बंधनात जन्मत नाहीत. ज्या कुटुंबात पणजी-खापरपणजीपासून सगळे एकमेकांशी शाश्वत जोडलेले मानले जातात, तिथे आपण ही साखळी तोडली, ही भावना सोसणे कठीण असते.

भारतातल्या तरुणीसाठी हा पेच अधिक घट्ट होतो. अनेक मंडळ्यांना मिळून होणाऱ्या मोठ्या विभागाला ‘स्टेक’ म्हणतात. भारतातला पहिला स्टेक हैदराबादला २०१२ मध्ये झाला. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने सदस्य अगदी थोडे आहेत, त्यांत लग्नाच्या वयाची मुले त्याहून थोडी, आणि भाषा, प्रांत व नातेवाइकांची अपेक्षा यांची चाळणी लावली की हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी स्थळे उरतात. भारतातले पहिले टेंपल बंगळुरूत उभारण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झाले. भारतात टेंपल नसताना सीलिंगसाठी जोडप्यांना परदेशीच जावे लागे.

‘पुढच्या आयुष्यात मिळेल’ हे आश्वासन पुरेसे नाही का?

ज्यांना या जीवनात विवाहाची संधी मिळाली नाही, पण जे निष्ठेने राहिले, त्यांना मृत्यूनंतर कोणत्याही आशीर्वादाला मुकावे लागणार नाही, अशी शिकवण चर्चचे नेते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून देत आले आहेत. आजच्या नियमपुस्तिकेतही ते आश्वासन आहे. या आश्वासनाने असंख्य स्त्रियांना खरा आधार दिला आहे आणि त्याला कमी लेखणे चुकीचे होईल.

तरी त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की सगळे सुख पलीकडे ढकलले की अलीकडचे आयुष्य प्रतीक्षालय होऊन बसते. आजारपणात सोबत कोणाची, सणाला जेवायचे कोणाकडे, म्हातारपणी विचारपूस कोण करणार, हे प्रश्न याच आयुष्यातले आहेत, आणि त्यांची उत्तरे स्वर्गात मिळून उपयोग नाही.

दुसरी अडचण बहुपत्नीत्वाच्या सावलीची आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबवल्याचे जाहीर केले आणि आज कोणी सदस्य हयात असलेल्या दोन पत्नी करील तर त्याचे सदस्यत्व जाते. आजही ती प्रथा पाळणारे गट या चर्चपासून वेगळे झालेले आहेत. परंतु सीलिंगच्या नियमात जुना ठसा उरला आहे. पत्नी वारली तर पुरुषाचे दुसऱ्या स्त्रीशीही सीलिंग होऊ शकते आणि पहिले कायम राहते. हयात स्त्रीचे सीलिंग मात्र एकाच पुरुषाशी असू शकते. याचा परिणाम तरुण विधवेला भोगावा लागतो: पहिल्या पतीशी तिचे सीलिंग झालेले असेल तर दुसऱ्याशी शाश्वत विवाह करण्याआधी पहिले बंधन रद्द करून घ्यावे लागते, आणि दिवंगत पतीशी असलेले नाते असे पुसून टाकायला कोणाचे मन धजावेल?

चर्चचे नवे अध्यक्ष ओक्स आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी वयाच्या १०१ व्या वर्षी निधन पावलेले त्यांचे पूर्वसुरी रसेल एम. नेल्सन, या दोघांनीही पहिल्या पत्नीच्या निधनानंतर पुन्हा विवाह केला आणि दोघांचेही दोन-दोन पत्नींशी सीलिंग झालेले आहे. दोघांच्याही दुसऱ्या पत्नी पन्नाशी ओलांडेपर्यंत अविवाहित होत्या. म्हणजे अविवाहित प्रौढेचे आयुष्य काय असते हे या घरांना जवळून ठाऊक होते. ऑक्टोबर २०१९ मधल्या भाषणात ओक्स यांनी एका स्त्रीच्या पत्राचा उल्लेख केला होता. तिचे लग्न एका विधुराशी होणार होते आणि परलोकात आपल्याला स्वतंत्र घर मिळेल की पहिल्या पत्नीबरोबर राहावे लागेल, असे तिने विचारले होते. प्रभूवर विश्वास ठेवा, असे उत्तर त्यांनी दिले. त्या प्रश्नावर सभागृहात हशा पिकला होता. पुष्कळ स्त्रियांना तो हशा खटकला, आणि ते योग्यच होते, कारण तो प्रश्न विचारणारीने अगदी मनापासून विचारला होता. ‘पुढच्या आयुष्यात पती मिळेल’ असे ऐकणाऱ्या अविवाहित स्त्रीच्या मनात त्याच्या पाठोपाठ येतेच: म्हणजे कोणाची तरी दुसरी किंवा तिसरी पत्नी म्हणून का?

मग ती सोडून का जात नाही?

काही जणी जातात. पण ज्या राहतात त्या केवळ भीतीपोटी किंवा सवयीने राहतात असे समजणे त्यांचा अपमान करणे होय. ज्या मुलीने विशीत दीड वर्ष परक्या देशात, परक्या भाषेत, स्वखर्चाने धर्मप्रचार केला, जिला कठीण प्रसंगी प्रार्थनेतून उत्तर मिळाल्याचा अनुभव आहे, जिच्या आजारपणात रिलीफ सोसायटीच्या बायकांनी आठवडाभर जेवण पोहोचवले, तिला हे घर स्वतःचे वाटते. घरात आपली खुर्ची मांडलेली नाही म्हणून घर परके होत नाही. ती खुर्ची मागण्याचा तिला अधिकार आहे.

आणि ती मागणी आता अल्पसंख्येची राहिलेली नाही. एप्रिल २०२१ च्या सर्वसाधारण परिषदेत चर्चचे प्रेषित, म्हणजे सर्वोच्च नेत्यांपैकी एक असलेले, गेरिट डब्ल्यू. गाँग यांनी सांगितले की अविवाहित, विधवा-विधुर आणि घटस्फोटित मिळून प्रौढ सदस्यांत आता बहुसंख्य आहेत. जगभराच्या चर्चमध्ये १९९२ पासून आणि अमेरिका-कॅनडात २०१९ पासून ही स्थिती आहे. त्याच परिषदेत दुसरे प्रेषित एम. रसेल बॅलर्ड यांनीही हे वास्तव मांडून अशा सदस्यांना आपलेपणाची ग्वाही दिली. म्हणजे जो समाज स्वतःला कुटुंबांचा समाज म्हणवतो, त्यातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांना पती किंवा पत्नी नाही.

बदल कितपत?

शेरी ड्यू १९९७ ते २००२ या काळात रिलीफ सोसायटीच्या मध्यवर्ती नेतृत्वात होत्या. कधीही लग्न न झालेली स्त्री त्या पदावर येण्याची ती पहिलीच वेळ होती. मूल नसले तरी प्रत्येक स्त्री मातेचे काम करते, हा विचार त्यांनी २००१ मध्ये मांडला. काहींना त्यातून बळ मिळाले; काहींना वाटले की यातही स्त्रीला मातृत्वाच्याच मापाने मोजले आहे. मला दुसरे मत अधिक पटते, पण पहिले अनुभवणाऱ्या स्त्रियांचे समाधान खोटे ठरवण्याची माझी तयारी नाही. २०२२ मध्ये क्रिस्टिन यी या अविवाहित चित्रकार स्त्रीची त्याच नेतृत्वात निवड झाली. २०१२ मध्ये धर्मप्रचाराला जाण्याचे मुलींचे किमान वय एकविसावरून एकोणिसावर आणले गेले आणि हजारो मुलींनी लग्नाआधी स्वतःच्या पायावर उभे राहून जग पाहिले. बाप्तिस्मा आणि सीलिंगच्या विधींना स्त्रियांनी साक्षीदार म्हणून उभे राहण्यास ऑक्टोबर २०१९ मध्ये परवानगी मिळाली. अविवाहित स्त्रीही आता बाप्तिस्म्याची साक्षीदार होऊ शकते.

ज्या सुधारणा झाल्या त्या बहुतेक वागणुकीच्या आणि कामाच्या वाटपाच्या आहेत. वॉर्डात तिला जबाबदारी द्या, भाषणाला बोलवा, तिच्याशी बोलताना लग्नाचा विषय सोडून तिच्या कामाविषयी विचारा, एवढे कोणत्याही बिशपला उद्या सकाळपासून करता येईल आणि अनेक जण ते करतही आहेत. पुरुषाला दोन सीलिंग आणि स्त्रीला एक, हा नियम बदलणे बिशपच्या हातात नाही. तो अधिकार सॉल्ट लेक सिटीतल्या अध्यक्षीय मंडळाचा आहे, आणि नव्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत अविवाहित स्त्रियांचे लक्ष याच नियमाकडे लागलेले असेल.